द्वारकाबाईंचे चिंचोके

द्वारकाबाई सभेला आल्या की सगळ्यात आधी खुर्ची परत पाठवत. आमच्या गावात खुर्ची एकच होती, पाटलांच्या ओसरीवरची. तिचा मागचा पाय निखळलेला असल्यामुळे ती शाळेपर्यंत आणताना एकानं खुर्ची उचलायची आणि दुसऱ्यानं पाय धरून शेजारून चालायचं, अशी वरात निघे. एवढा खटाटोप करून आणलेली खुर्ची बाई नीट निरखून बघत, "छान आहे" म्हणत, आणि "आता घरी नेऊन ठेवा" असं सांगून बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसत. पहिल्या वर्षी पाटलांना याचा भारी राग आला. बाईंनी आपला अपमान केला असं ते आठवडाभर सांगत होते. पण पुढच्या वर्षी पुन्हा खुर्ची आली आणि पुन्हा परत गेली, आणि मग तो सभेचाच एक भाग होऊन बसला.

मी तेव्हा मार्गासनीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पाटलांची नातवंडं आता शिकली आहेत आणि वाचतात. भोर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. शाळा जिल्ह्याच्या शाळामंडळाकडे गेल्या होत्या, पण आमची शाळा पूर्वी होती तशीच होती. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि पाऊस लागला की छपराखाली कोरडी जागा शोधत सरकणारी पोरं. पोरांबरोबर मीही सरकायचो. फळा मात्र एका जागी टांगलेला असल्यामुळे त्याला सरकता येत नसे, आणि पावसाळ्यात त्याच्यावर काही लिहिता येत नसे.

दरवर्षी थंडीत मंडळाकडून विचारणा यायची की पुढच्या वर्षी शाळेला काय हवं. ही विचारणा म्हणजे नुसता उपचार. मास्तरानं गेल्या वर्षीचंच उतरवून पाठवायचं, आणि वर कोणीतरी ते न वाचता मंजूर करायचं. सादिलवार खर्च म्हणून खडू, शाई, केरसुणी एवढं मिळे. इमारतीचं काम निघालं तर गावानं लाकूड, दगड, अंगमेहनत असा आपला वाटा उचलायचा आणि उरलेलं मंडळानं द्यायचं, असाही नियम होता. पण गावाला त्याचा पत्ता नव्हता. शाळा सरकारची, तेव्हा गळली तर सरकारची गळली, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. माझीही थोडीफार तीच होती.

द्वारकाबाई भोरच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना मंडळावर घेतलं, कारण एक तरी बाई हवी होती. बाईंनी सही करावी आणि चहा घ्यावा, यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. म्हणे पहिल्याच बैठकीत बाईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे अंदाजपत्रक ज्यांच्या मुलांचं आहे, त्यांनी ते बघितलंय का?"

"बाई, त्या लोकांना वाचता येत नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग दाखवू या," बाई म्हणाल्या, आणि सही न करताच उठल्या.

त्यानंतर भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळांवर दर थंडीत एक पांढरं नऊवारी लुगडं, एक काळी छत्री आणि एक खणाची पिशवी फिरू लागली. साठी उलटलेल्या या बाई एस.टी. जाईल तिथपर्यंत एस.टी.नं जायच्या आणि पुढे चालत. कुणी बैलगाडी देऊ केली तर म्हणत, "बैलांना काय काम सांगितलंय ते आधी होऊ दे." त्यांच्याबरोबर चालणं हा एक ताप होता. मी पंचविशीतला, पण चढावर मला दम लागायचा आणि बाई मला वाटेत थांबून झाडांची नावं विचारायच्या. मला नावं येत नसत, हे त्यांना माहीत असावं. थांबायला निमित्त हवं म्हणून त्या विचारत, आणि दम त्यांना नाही, मला लागलाय, हे दोघांनाही कळत असे.

त्या खणाच्या पिशवीत चिंचोके असायचे.

बाई आधी गावाला विचारत, शाळेला काय काय हवं. मग जे जे सांगितलं जाई ते ते घोंगडीवर मांडायला लावत. छप्पर हवं तर एक कौल. पाट्या हव्यात तर एक पाटी. प्यायच्या पाण्याची सोय हवी तर घागर. त्या प्रत्येक वस्तूच्या पुढ्यात रांगोळीनं एक गोल काढत. खडूच्या पुढ्यातला गोल रुपयाएवढा, कौलापुढचा परातीएवढा. मग पिशवी मधोमध रिकामी करत आणि म्हणत, "मंडळाचा वाटा आणि तुमच्या हातापायांचा वाटा, सगळं मिळून आपलं एवढंच आहे. आता गोल भरा. भरला तर वस्तू मिळाली, अर्धा राहिला तर नाही मिळाली."

प्रत्येक घराला एक मूठ. बायकांना वेगळी नाही, घराची एकच, पण ती कुणी टाकायची हे घरानं ठरवायचं. पहिल्या वर्षी सगळ्या मुठी पुरुषांनी टाकल्या. दुसऱ्या वर्षी भांडणं झाली. भांडणं व्हावीत अशीच बाईंची इच्छा होती, असं मला अजूनही वाटतं.

ढीग नेहमीच कमी पडे. मग गलका सुरू होई. हे बी पायजे, ते बी पायजे. बाई सगळं ऐकून घेत आणि मग हळू आवाजात एकच विचारत: "पाहिजे ना? घेऊ या. मग काय सोडायचं?"

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, पण दर वेळी तो ऐकताना सभेत जी शांतता पसरायची तिची मला सवय झाली नाही. मागणं सगळ्यांना येतं. आमच्या गावाला तर चांगलंच येत होतं. पण सोडायचं काय, हे त्या गावाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. संस्थान होतं तेव्हा वरून ठरून यायचं, आणि स्वराज्य आलं तरी वरूनच. एक म्हातारी बाई घोंगडीवर बसून आपल्याला विचारतेय, आणि आपण सांगू तेच होणार आहे, हे कळलं की माणसं जरा सरळ बसत. मीही बसायचो.

बाईंचा आवाज अगदी हळू होता. नदीवर भांडी घासताना दोन बायका बोलतील तेवढा. त्या बोलायला लागल्या की पोरांना दटावावं लागायचं, म्हाताऱ्यांना पुढं सरकावं लागायचं. मी वर्गात गळा फाटेस्तोवर ओरडणारा. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाई, थोडं मोठ्यानं बोललात तर मागच्यांनाही ऐकू येईल."

"मास्तर, मोठ्यानं बोललं की मागचे मागेच बसतात," त्या म्हणाल्या.

गुंजवण्याकडच्या एका गावातली गोष्ट तिकडच्या मास्तरानं मला सांगितली. वाटेत नदी ओलांडताना बाईंची पिशवी भिजली, म्हणून यजमानीणबाईंनी घरातले चिंचोके दिले. पण पाहुण्या येणार म्हणून त्या माउलीनं ते आधीच खमंग भाजून ठेवले होते. सभा लांबली. कौल की विहिरीचा रहाट, यावर वाद पेटला. वाद घालता घालता माणसं चिंचोके तोंडात टाकू लागली. भाजलेला चिंचोका दाढेखाली आला की हात थांबत नाही. मुठी टाकायची वेळ आली तेव्हा ढीग निम्माही उरला नव्हता.

सगळ्यांना वाटलं, बाई हसतील आणि नवे मागवतील. बाई हसल्या, पण नवे मागवले नाहीत. "हे आपलं होतं," त्या म्हणाल्या. "आता ज्यानं जेवढे खाल्ले, त्यानं तेवढं काम अंगावर घ्यायचं. मी कुणाला विचारणार नाही. ज्याचं त्याला माहीत." सगळ्यात जास्त खाल्ले होते तिथल्या पाटलांनी, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्या वर्षी शाळा सारवायला आणि चुना लावायला पाटील स्वतः धोतर खोचून उभे राहिले. पुढे त्या गावात सभेच्या दिवशी कुणाच्या तोंडाकडे बघणंसुद्धा वाईट समजत.

मलाही एक मूठ मिळायची, कारण मी गावात बिऱ्हाड करून होतो. एका वर्षी मी हिंदुस्थानच्या नकाशासाठी हट्ट धरला. घोंगडीवर नकाशा म्हणून मी एक जुना कागद मांडला, आणि नकाशाचे फायदे यावर चांगलं मोठं व्याख्यान दिलं. माझी मूठ सोडली तर त्या गोलात एकही चिंचोका पडला नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्याच आवाजात विचारलं, "मास्तर, काय सोडायचं?" मी नकाशा सोडला. गाव त्यावर कितीतरी दिवस खूश होतं.

हे सगळं गमतीचं वाटत होतं, ठकूबाई येईपर्यंत.

आमच्या गावाच्या वर, ओढ्याच्या पलीकडे धनगरवाडा होता. तिथली माणसं गुरं आणि शेळ्या-मेंढ्या राखून असायची. हिवाळ्या-उन्हाळ्यात तिथली पोरं शाळेत येत. पावसाळ्यात ओढा चढला की येणं बंद. चार महिने पोरं घरी, आणि तोवर अक्षरं विसरलेली. कायम गैरहजर म्हणून नावं पटावरून उतरत, ती पुढे परत चढवायला कुणी येत नसे. ठकूबाई ढेबे ही त्या वाड्यावरची बाई. तिची मुलगी चिमी माझ्याकडे दुसरीत होती आणि मुलांच्या सगळ्या वर्गापेक्षा पुढे होती. येत्या पावसाळ्यानंतर चिमी शाळेत परत येणार की तिची शाळा कायमची सुटणार, एवढाच प्रश्न ठकूबाईपुढे होता.

त्या वर्षीच्या सभेत घोंगडीवर मोठा गोल एकच होता, कौलांचा. गावानं मनावर घेतलं होतं. छपरासाठी ऐनाच्या लांबलचक तुळया काढून आणून शाळेमागे रचून ठेवल्या होत्या. मंडळ कौलं देणार, गाव लाकूड देणार. मी तर मनातल्या मनात कोरड्या वर्गात बसलोसुद्धा होतो. मुठी पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात सभेच्या कडेला उभी असलेली ठकूबाई पुढं आली. पदराखालून तिनं ओढ्यातला एक वाटोळा गुळगुळीत धोंडा काढला आणि कौलाशेजारी ठेवला.

"हा आमचा वढा," ती म्हणाली. "ह्याच्यावरनं पोरं यायची कशी, ते बी मांडा."

पाटील हसले. "धोंडा मांडाय लागलो तर उद्या कुनी डोंगूर आनून मांडंल."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रांगोळीची चिमूट घेतली आणि धोंड्यापुढे गोल काढला. तो कौलापुढच्या गोलाएवढाच मोठा झाला. साकव, म्हणजे ओढ्यावर लाकडी पूल, घालायचा तर तुळया याच लागणार होत्या, हे सगळ्यांना कळलं. दोन्ही होणार नव्हतं.

"काय सोडायचं?" बाईंनी विचारलं.

"साकव सोडायचा," पाटील म्हणाले. "वढा आत्ता बगा जावा. पान्याचा टिपूस न्हाई. पोरगं उडी मारून येतंय."

"व्हय, व्हय," गाव म्हणालं.

ठकूबाई बाईंकडे बघत होती, आणि मला वाटलं, आता बाई तिची बाजू घेतील. त्यांच्या एका शब्दानं झालं असतं. पण बाईंनी बाजू घेतली नाही. त्या म्हणाल्या, "सोडायचा तर ज्यांचा आहे त्यांना विचारून सोडू. वाड्यावरची बाकीची घरं आज दूध काढायच्या वेळेला इथे कशी येणार? काम दिवाळीनंतरच निघायचं आहे, घाई नाही. पुढची सभा वाड्यावर घेऊ. आषाढात."

आषाढात म्हटल्यावर पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटलांकडे पाहिलं. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं दोघांच्याही मनात आलं असावं.

बाई सभेच्या चार दिवस आधीच आल्या, उघडीप बघून ओढा पार करून वाड्यावर जाऊन राहिल्या. मग पाऊस लागला तो सोडीना. सभेच्या दिवशी सकाळी आम्ही इरली आणि घोंगड्या पांघरून निघालो. गावातली बहुतेक घरं होती. ओढ्याशी आलो आणि थांबलो. तांबडं पाणी काठोकाठ भरून धावत होतं, मधले धोंडे दिसत नव्हते, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणंही कळू नये.

पलीकडच्या काठावर जांभळीखाली घोंगडी अंथरलेली होती. तिच्यावर कौल होतं, धोंडा होता, पाटी, घागर, सगळं होतं. वाड्यावरची माणसं भोवती बसली होती, आणि मधे छत्री धरून द्वारकाबाई. आम्ही येऊन उभे राहिलेले पाहून त्यांनी मान हलवली आणि सभा सुरू केली. त्या बोलत होत्या हे ओठांवरून दिसत होतं. नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या. आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"काय म्हनताय?" पाटील ओरडले. "बाई, मोठ्यानं बोला."

बाईंनी आवाज वाढवला नाही. त्यांनी पिशवी घोंगडीवर रिकामी केली आणि आमच्याकडे हात केला. तुमच्या मुठी टाका, असा. आमच्याजवळ टाकायला मुठी नव्हत्या, आणि असत्या तरी पलीकडे पोचल्या नसत्या. आम्ही पावसात उभे राहिलो. समोर आपल्याच शाळेची सभा चालली आहे, आणि आपल्याला तिथं जाता येत नाही. मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी समजावून सांगितल्या आहेत, पण इतकी स्पष्ट मला एकही कळलेली नाही.

मग चिमी उठली. ती काठाशी आली आणि तिनं पाटी डोक्यावर उचलून माझ्याकडे धरली. महिनाभर शाळा नव्हती, तरी तिनं काहीतरी लिहिलं होतं आणि ते गुरुजींनी तपासावं असं तिला वाटत होतं. मी डोळे ताणून पाहिलं. पाऊस पाटीवर पडत होता आणि अक्षरं ओघळून जात होती. मला काहीच वाचता आलं नाही. मी जोरजोरात मान डोलावली, बरोबर आहे, बरोबर आहे. ती पाटी खाली घेऊन कोरी झालेली बघत राहिली. बाजूला पाहिलं तर पाटील माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

एकेक करून माणसं परतली. पाटील शेवटपर्यंत उभे होते.

पाणी उतरेपर्यंत बाई वाड्यावरच राहिल्या. खाली आल्या तेव्हा अंगावर ठकूबाईचं हिरवं लुगडं होतं, कारण त्यांचं वाळत नव्हतं. त्या वेळच्या भोरात एका विधवा ब्राह्मण बाईनं धनगराच्या घरी राहून, जेवून, हिरव्या लुगड्यात परत येणं ही काय गोष्ट होती हे आता सांगून कळायचं नाही. पुढे त्यांच्या आळीत बरंच बोललं गेलं, असं भोरला राहणाऱ्या माझ्या आईनं मला सांगितलं. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "नाचणीची भाकरी आणि दूध. मला वाटतं माझी तब्येत सुधारली."

त्या शाळेत येऊन बसल्या तेव्हा पाटील आले. खुर्ची आणली नव्हती. दाराशीच उभे राहून म्हणाले, "बाई, तुळया वढ्यावर पुरत्यात. म्या दोरी लावून बगितलं."

"मग काय सोडायचं?" बाईंनी विचारलं.

"कौलं."

"गावाला विचारलंत?"

"इचारलं. समदी व्हय म्हनली." मग पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "गुर्जी भिजत्यात, ते भिजू द्या की अजून."

मी तिथेच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी व्हय म्हणालो असतो. बाईंनी लगेच होकार दिला नाही की पाटलांना शाबासकीही दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "मूठ सभेत टाका. इथं नुसतं बोलून होत नाही." आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाकडून, वाड्याकडूनही, नीट मुठी टाकून घेतल्या.

मंडळाच्या भोरच्या बैठकीत त्याला हरकत निघाली. मी तेव्हा कामासाठी भोरला गेलो होतो आणि बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. एक अधिकारी म्हणत होते की शाळेच्या खर्चात साकव धरता येत नाही, तशी तरतूदच नाही. बाईंचा आवाज मला बाहेर ऐकू येईना, म्हणून मी उठून दाराशी गेलो.

"शाळेचं दार शाळेच्या खर्चात धरता ना?" त्या विचारत होत्या.

"धरतो."

"मग हे तिचं दार आहे. जरा लांब आहे, एवढंच."

दिवाळीनंतर साकव झाला. खालच्या गावानं तुळया दिल्या, वाड्यानं धोंडे वाहिले, आणि शाळेच्या छपराला त्या वर्षी जे नवं गवत पडलं ते सगळं वाड्यावरून आलं. चांगलं दाट शाकारलं होतं. तरी गळलं, पण कमी गळलं. पुढच्या आषाढात चिमी भिजत, हसत, साकवावरून शाळेत आली तेव्हा मी तिची पाटी घेतली आणि हातात धरून वाचली. सगळं बरोबर होतं.

त्यानंतर काही वर्षांनी बाईंची मंडळावरची मुदत संपली. गुडघे दुखायला लागले होते. तरी एका थंडीत त्या सभेच्या दिवशी आल्या, कुणी बोलावलं नव्हतं, सहज बघायला म्हणून. सभा सुरू झालेली होती. घोंगडी अंथरलेली, चिंचोके गावच्याच चिंचेचे, आणि मुठी वाटत होती ठकूबाई. बाईंना बघून सगळे उठले, पण खुर्ची आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या कडेला जागा करून बसल्या.

त्या वर्षी मोठे गोल पुन्हा दोन होते. एक कौलांचा. दुसरा साकवाच्या कठड्याचा, कारण साकवाला धरायला काही नव्हतं आणि लहान पोरं घाबरत. कठड्याची मागणी वाड्याची होती, ठकूबाईची स्वतःची. ढीग नेहमीप्रमाणे कमी पडला.

"काय सोडायचं?" पाटलांनी विचारलं. आता हे कुणीही विचारायचं.

ठकूबाईनं वाड्यावरच्या बायकांकडे बघितलं. त्यांचं आधी बोलणं झालं असावं. "आवंदा कठडा सोडा," ती म्हणाली. "लई वर्सं गुर्जी भिजलं. कौलं घाला. पोरास्नी आमी हाताला धरून आनू."

मी मान खाली घातली, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पोरं बघत होती. आणि तेव्हा मी द्वारकाबाईंना असं काही करताना पाहिलं जे त्यांनी कधी केलं नव्हतं. त्या पुढं वाकल्या, ढिगातून एक मूठ उचलली आणि कठड्याच्या गोलाकडे हात नेला.

ठकूबाईनं त्यांचा हात धरला. हळूच, पण धरला.

"बाई, तुमाला मूठ न्हाई," ती म्हणाली. "तुमचं घर हितं न्हाई."

बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं, मग ठकूबाईकडे. मग मूठ उघडून सगळे चिंचोके परत ढिगावर ठेवले, एकही बाहेर सांडू न देता, आणि मागं जाऊन आपल्या जागी बसल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मुठी पडल्या. कौलांचा गोल भरला.

मी त्यांना पोचवायला मार्गासनीला गेलो. वाटेत त्यांनी झाडांची नावं विचारली नाहीत. या वेळी थांबायची गरज त्यांना होती आणि मी न सांगता थांबत होतो. एस.टी. दिसू लागली तेव्हा मला राहवेना.

"बाई, ठकूबाईचं वाईट वाटून घेऊ नका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ढ मुलाकडे बघावं तसं, पण मायेनं. "वाईट?" त्या म्हणाल्या. "मास्तर, मी आज भोरला पेढे वाटणार आहे."

गाडी बाजाराची होती, खचाखच भरलेली. दारातल्या एका तरण्या माणसानं त्यांना पाहून उठून जागा करून दिली. बाईंनी त्याला मानेनं नको म्हटलं आणि आत शिरल्या. गाडी सुटली तशी मी बाजूनं चालत एकेका खिडकीतून बघत गेलो, कारण मला त्यांना एकदा नमस्कार करायचा होता. कुठल्याच खिडकीत त्या दिसल्या नाहीत. मग लक्षात आलं, त्या खाली बसल्या असणार, पाट्या-डालगी घेऊन बसलेल्या बायकांमधे. मी रस्त्यातच थांबलो आणि जाणाऱ्या गाडीला नमस्कार केला.